खाडीपार

मांजर आपणहून आली, हेमांगीच्या गुडघ्याला डोकं घासलं, आणि हेमांगीच्या हातानं तिची मानगूट धरून तिला उचललं. एवढंच झालं. बुधवारची सकाळ, साडेनऊ वाजलेले, नवरा फर्स्ट शिफ्टला गेलेला, मागच्या दाराच्या पायरीवर बोंबलाच्या मुंड्यांची बशी, आणि जिच्यासाठी आठ महिने रोज त्या पायरीवर तोंड फिरवून बसायचं ती राखी रंगाची, एक कान फाटलेली मांजर आज पहिल्यांदा अंगाला लागलेली. दुसरी कुणी असती तर आनंदानं श्वास रोखून बसली असती, फार तर एक बोट पुढे केलं असतं. हेमांगीनंही तेच ठरवलं होतं. आठ महिने तेच ठरवत होती. पण हातानं तिला विचारलंच नाही. अंगठा एका बाजूला, दोन बोटं दुसऱ्या बाजूला, कानांमागची सैल कातडी मुठीत, मनगट जरा वळवून वर. मांजरीचे मागचे पाय पोटाशी गोळा झाले, शेपूट आत वळली, डोळे अर्धे मिटले. ती लोंबत राहिली आणि हेमांगी आपल्याच हाताकडे बघत राहिली. हात एवढासाही थरथरत नव्हता.

“हां!” मागून आवाज आला. “शाबास गं हेमे! सोडू नको. आता पोतं आण.”

तात्या खाटेवर उठून बसले होते. हेमांगीचे वडील. वय ऐंशीच्या पुढे, आयुष्य दातिवऱ्याला होडीवर गेलेलं, आणि गेलं वर्षभर इथं कुंभवलीत लेकीच्या भाड्याच्या दोन खोल्यांत. नात सपना नाशिकला नर्सिंगला गेली म्हणून तिची खाट रिकामी होती, त्या खाटेवर. गेल्या चार महिन्यांत त्यांनी हेमांगीला हेमांगी म्हटलं नव्हतं. कधी काशीबाई म्हणायचे, ती त्यांची बहीण, मरून वीस वर्षं झालेली. कधी नुसतंच “ओ बाय” म्हणायचे, रस्त्यावरच्या बाईला म्हणावं तसं. मी हेमी, तात्या, तुमची हेमी, असं सांगून सांगून तिचा घसा सुकला होता. तिनं देवाकडं दुसरं काही मागितलं नव्हतं, एकदा, फक्त एकदा ओळखू दे म्हटलं होतं. देव तरी कसला खट्याळ! ओळख दिली ती अशी. म्हाताऱ्याचे डोळे लख्ख झाले होते, तोंडभर हसू, उजवा हात पुढे केलेला, जणू पोत्याचं तोंड तेच धरून उभे राहणार होते. हेमांगीच्या हातातून मांजर सुटली. पडली नाही, पायांवरच उतरली, पण पळताना तिनं एकदा मागं वळून पाहिलं. मग भिंतीवर, भिंतीवरून पलीकडच्या पत्र्यावर. बशी तशीच राहिली. “अगं सोडलीस कशाला?” तात्या ओरडले, “हातची मांजर सोडलीस, खुळे!” आणि मग बघता बघता त्यांच्या चेहऱ्यावरचा उजेड मावळला. “काशीबाई,” ते म्हणाले, “च्या झाली का?”

चहा झाला होता. तिनं तो गाळला, कपात ओतला, बशीत खारी ठेवली, सगळं केलं. उजवा हात मात्र ती अंगापासून लांब धरून वावरत होती, चिखलात बुडालेला हात धरावा तसा. दातिवऱ्याला त्यांच्या आळीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, की हेमीच्या हाताला मांजर येते. थंडीच्या दिवसांत बोंबील वलांडीवर चढायचे, बांबूच्या ओळींच्या ओळी, तोंडात तोंड अडकवून टांगलेले बोंबील, खाली अंगणात जवळा पसरलेला, आणि मग गावभरच्या मांजरी जमायच्या. घरातल्या मांजरींना वाटा असायचा, त्यांचं कुणी काही म्हणत नसे. पण रानटी झालेली, कुणाची नसलेली, मागच्या केतकीच्या बनातून येणारी एखादी मांजर वलांडी चढायला शिकली की घरात बोलणं सुरू व्हायचं. मांजर मारायची नाही, ते पाप सात पिढ्यांना पुरतं, सोन्याची मांजर करून वाहिली तरी फिटत नाही. मारायची नाही, पार करायची. पोत्यात घालायची, पोतं अंगणात तीनदा गरगर फिरवायचं म्हणजे तिला दिशा उरत नाही, आणि होडीतून खाडीच्या पलीकडे, अर्नाळ्याच्या अंगाला नेऊन सोडायची. पाणी ओलांडून मांजर परत येत नाही. सगळं खरं, पण आधी ती धरायची कुणी? पुरुषांच्या अंगाला डिझेलचा वास, बायांना वेळ नाही, पोरं दगड मारणारी. धरायची हेमीनं.

आणि तिला ते यायचं, खोटं कशाला बोला. कुणी शिकवलं नव्हतं. तात्यांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, डोळ्याला डोळा द्यायचा नाही. दुसरी, नाव ठेवायचं नाही, नाव ठेवलेलं जनावर पोत्यात घालवत नाही. बाकीचं सगळं तिचं तिनं शोधलेलं. रोज एकाच वेळी जायचं. रोज तोच परकर घालायचा, धुवायचासुद्धा नाही, वास बदलतो. जायच्या आधी लांबूनच खाकरायचं, म्हणजे ती दचकत नाही. मासळी टाकायची आणि पाठ करून बसायचं, काहीतरी निवडत, गुणगुणत, जसं काही आपलं तिच्याकडे कामच नाही. चार दिवस, आठ दिवस, कधी महिना. एक दिवस पाठीला ऊबदार असं काहीतरी टेकायचं. ते टेकलं की नऊ वर्षांच्या हेमीच्या पोटात असं काही गोड व्हायचं की जत्रेतल्या पाळण्यात बसूनही तसं झालं नाही. मग तात्यांना खूण करायची. तात्या पोतं घेऊन दाराआडून येईपर्यंत ती मांजरीची मान खाजवत राहायची, आणि मग, तशीच, त्याच हातानं. आळी म्हणायची, काय हात हाय पोरीचा! तात्या तिच्या डोक्यावर टपली मारायचे. ती टपली तिला हवी असायची. हे आज सेहेचाळिसाव्या वर्षी, मोरीवर बशी घासताना तिला इतकं स्वच्छ आठवलं की तिनं नळ बंद केला आणि नुसतीच उभी राहिली. तिला मांजरीचं वाईट वाटायचं का? आठवून आठवून पाहिलं. नाही वाटायचं. मांजर खाडीपार गेली की दुसरी कधी येते याची ती वाट बघायची.

एक मात्र परत आली होती. पिवळी, पोटाखाली पांढरी. अकराव्या दिवशी सकाळी, कुणाच्या तरी होडीत जाळ्याच्या ढिगात बसून आली असणार, कारण अंग सगळं खारानं चिकट झालं होतं, बरगड्या मोजाव्यात अशी रोडावली होती. आळीत तिनं दुसऱ्या कुणाकडं पाहिलं नाही. वलांडीकडंही गेली नाही. सरळ हेमीच्या पायाशी आली, पाठीवर लोळली, पोट वर केलं आणि बोलायला लागली, मांजरी बोलतात तशी, तक्रार सांगितल्यासारखी. पलीकडे काय काय झालं ते सगळं सांगत होती जशी. हेमीनं तिला उचलून कडेवर घेतलं आणि हाक मारली, “तात्या, पिवळी परत आली!” आणि तात्यांनी पोतं आणलं. यात काही विशेष होतं असं सदतीस वर्षांत तिला एकदाही वाटलं नव्हतं. ही आठवण तिला होती, चांगली होती; माहेरच्या गमती सांगताना नवऱ्याला, विनोदला, सांगितलीसुद्धा होती, सपनाला सांगितली होती, हसत हसत. आज तीच आठवण वर आली आणि हेमांगी मोरीच्या कट्ट्यावर बसली. ती आपल्याकडं आली होती. ज्यानं धरून दिलं त्याच्याकडंच आली, कारण तिला साऱ्या गावात ओळखीचं दुसरं कोण होतं?

माणसाचं मन मोठं चतुर असतं. ते एक गोष्ट दाखवतं आणि तिच्यामागं दुसरी झाकून ठेवतं. हेमांगी दुपारभर मांजरीचा विचार करत राहिली. ही राखी मांजर आपण का जवळ केली? घरमालकानं सांगितलं नव्हतं, कुणाचा काही त्रास नव्हता, इथं ना वलांडी ना खाडी. एक दिवस पाण्याच्या टाकीमागं दोन डोळे दिसले आणि आपण मुंडी टाकली. माया म्हणून टाकली, असं तिनं शेजारणीला सांगितलं होतं. मग हात तसा का गेला? म्हणजे आपली माया असते कुठं, आणि पोतं सुरू होतं कुठं? कंपनीचा दोनचा भोंगा झाला, रोजचा तो आंबूस वास वाऱ्याबरोबर आला, बाहेर शिफ्टची बस वळली. तात्या झोपेत पाय हलवत होते. त्यांच्या उशाशी खुंटीला नवी पिशवी लटकत होती, तिच्यात दोन लेंगे, दोन गंज्या, डॉक्टरचे कागद, चष्मा. ती पिशवी गेले आठ दिवस तिथंच होती. तिच्याकडं नजर गेली आणि झाकलेलं सगळं उघडं पडलं.

परवा, शुक्रवारी, कंपनीला सुट्टी. शुक्रवारी सकाळी तात्यांना मनोरकडच्या एका वृद्धाश्रमात नेऊन ठेवायचं ठरलं होतं. यात कुणी राक्षस नव्हता. तात्या घरातून निघून जायचे. दोनदा कारखान्यांच्या वसाहतीतल्या रस्त्यावर टँकरांच्या मधून चालताना सापडले, समुद्र शोधत होते. एकदा बसच्या ड्रायव्हरनं आणून सोडलं. एकदा गॅस उघडा ठेवला. दातिवऱ्याला भाऊ अंकुश होता, पण त्याचं घर म्हणजे अंगणासमोरच पाणी, तिथं एक दिवस भरवसा नाही, हे त्याचं म्हणणंही खोटं नव्हतं. विनोदनं चार ठिकाणं पाहिली, एक बरं निघालं, खिडक्या आहेत, मागं चिकूची वाडी आहे. प्रश्न एवढाच होता की तात्यांना न्यायचं कसं? गाडी म्हटली की ते दाराची चौकट धरून बसायचे. अंकुश आणि विनोद दोघं एकदा जोर लावून थकले, म्हाताऱ्यानं विनोदच्या हाताला चावा घेतला. तेव्हा दोघंही तिच्याकडं बघून म्हणाले, तू कर, तुझ्या हातानं होईल. आणि तिनं ते केलं.

पंधरा दिवसांत केलं. आधी भाड्यानं गाडी चालवणाऱ्या कमलेशची पांढरी व्हॅन दाराशी नुसतीच उभी करून ठेवली, दोन दिवस. मग व्हॅनचं दार उघडून पायरीवर बसून तात्यांना तिथंच चहा दिला. मग आत बसून चहा. मग नाक्यापर्यंत जाऊन परत. परत आलं की खारी. मग बोईसर स्टेशनपर्यंत. मग चिंचणीला, समुद्र दाखवून परत. रोज एकाच वेळी. रोज तीच निळी साडी, कारण ती नेसली की तात्या शांत असतात हे तिच्या लक्षात आलं होतं. निघायच्या आधी लांबूनच “चला फिरायला” अशी हाक, म्हणजे दचकत नाहीत. काल त्यांनी व्हॅनचं दार स्वतः उघडलं होतं. आत बसून त्यांनी हेमांगीच्या खांद्याला डोकं टेकलं होतं आणि तिच्या पोटात गोड झालं होतं. अगदी तेच गोड. तिनं विनोदला फोन करून सांगितलंही होतं, “आता येतील हो ते, काही करणार नाहीत.” हे सगळं तिनं केलं आणि करताना एकदाही, देवाशपथ एकदाही, आपण काय करतोय ते तिला कळलं नाही. हेमांगीनं दोन्ही हात ओच्यात खुपसले. भीती वाटली तिला, बाहेरच्या कशाची नाही, स्वतःची. घरात आपल्याशिवाय आणखी एक बाई आहे, आपल्याच मापाची, आणि आपल्याआधी सगळी कामं तीच उरकते, असं काहीसं वाटलं.

विनोद साडेतीनला आला. चपला काढता काढता त्यानं तिच्याकडं पाहिलं. “काय झालं? तात्या गेले होते का कुठं?”

“नाही. आज त्यांनी मला ओळखलं.”

“अरे वा!” तो मनापासून म्हणाला. मग तिचा चेहरा बघून खाली बसला. तिनं सांगितलं, मांजर, हात, पोतं, पिवळी, व्हॅन, सगळं सांगितलं, एकात एक गुंतलेलं. तो ऐकत होता. त्याच्या नखांत कंपनीचा पिवळा रंग नेहमीसारखा बसलेला होता आणि तो अंगठ्यानं ती नखं खरवडत होता.

“हेमांगी, मांजराचं आणि तात्यांचं काय गं?” तो शेवटी म्हणाला. “तिथं त्यांना कुणी टाकून देणार नाहीये. दर शुक्रवारी जाऊ आपण.”

“दातिवऱ्याला जायचं म्हणून सांगायचं ना त्यांना?”

“नाहीतर येतील का ते?”

“हो, पण फसवून—”

“मग काय करू सांग!” त्याचा आवाज चढला आणि त्यानंच तो खाली आणला, कारण तात्या जागे झाले होते. “त्या दिवशी टँकरच्या चाकापासून एवढ्या अंतरावर होते ते. मी पाहिलंय, तू नाही पाहिलंस. रात्रपाळी करून येतो, आणि डोळा लागला की कडी वाजल्याचा भास होतो. मला हौस आहे का? मी वाईट माणूस आहे का?”

“तुम्ही नाही हो,” ती म्हणाली. तो खरंच वाईट नव्हता. तेच तर वाईट होतं.

गुरुवारी मांजर भिंतीवर आली. खाली उतरली नाही. हेमांगी नेहमीच्या वेळी नेहमीसारखी बसली, बशी ठेवली, पाठ केली. मग तिला आपल्या पाठ करण्याचीच किळस आली. ती वळली आणि सरळ मांजरीकडं पाहिलं, डोळ्याला डोळा देऊन. मांजरीचे डोळे हिरवट होते, एकात पांढरा ठिपका होता. आठ महिन्यांत तिनं ते पाहिलेच नव्हते. “मी अशी आहे,” हेमांगी हळू आवाजात म्हणाली, “यायचं असेल तर बघून ये, नाहीतर नको येऊस.” शेजारणीनं ऐकलं असतं तर म्हणाली असती, हिलाही बापाची बाधा झाली. मांजर दोन उड्यांत पत्र्यापलीकडं गेली. पण हेमांगीला बरं वाटलं, रडून झाल्यावर वाटतं तसं नाही, उलटी झाल्यावर वाटतं तसं. निदान एक जनावर तरी आपल्यापासून वेळेत सावध झालं. आणि तिथंच तिच्या डोक्यात तो विचार आला. तात्यांनाही खरंच सांगायचं. गाडी दाराशी लागली की सगळ्यांसमोर सांगायचं की दातिवऱ्याला नाही, आश्रमात नेतेय, ठेवून येणार आहे. ऐकतील आणि चौकट धरून बसतील. चावतील, शिव्या देतील, आळी गोळा करतील. मग नेणार कसं? नाही जमणार. आपण ठरलेलं मोडलं असंही होणार नाही आणि आपल्या हातानं काही घडलं असंही होणार नाही. तिनं त्या दिवशी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवण केलं.

शुक्रवारी नऊला कमलेशची व्हॅन आली. विनोदनं खुंटीवरची पिशवी काढून हातात घेतली. हेमांगी मुद्दाम हिरवी साडी नेसली होती. तात्यांनी दाढी करून घेतली होती, चेहरा लहान मुलासारखा गुळगुळीत. ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि त्यांचे दोन्ही हात तिनं हातात घेतले.

“तात्या, माझ्याकडं बघा. आज फिरायला नाय जायचं. दातिवऱ्याला पण नाय. तुमाला एका आश्रमात नेतोय, मनोरला. तिथं तुमाला ठेवून आमी परत येणार. तुमी तिथंच राहायचं. कळलं का?”

“हेमांगी!” विनोद दारातून म्हणाला.

तात्या तिच्याकडं बघत राहिले. त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात खारीचा कण होता. हेमांगी त्या चौकटीकडं बघत होती जी ते आता धरणार होते. मग त्यांनी मान हलवली. “बरं,” ते म्हणाले. “तू सांगतेस ना? मग चल.” आणि गुडघ्यांवर हात ठेवून उठले, चपला पायांनीच सरळ केल्या, दारातून बाहेर गेले, विनोदला वाटेतून बाजूला केलं, व्हॅनचं दार स्वतः उघडलं आणि खिडकीशी बसले. मांडीवर हात. तयार.

हेमांगीला वाटलं होतं, खोटं बोलणं हेच काय ते पोतं. खरं सांगितलं की माणूस पळतो. म्हाताऱ्यानं खरं ऐकलं, आणि ते ऐकूनही आला, कारण ती सांगत होती. तिनं काहीही सांगितलं असतं तरी आला असता. खाडीत चला म्हटलं असतं तरी. ती त्याच्या नकारावर स्वतःला सोडवायला बसली होती आणि त्यानं नकार काही दिला नाही, तो तिच्याच गळ्यात टाकून निवांत जाऊन बसला. “बघ,” विनोद हळूच म्हणाला, त्याच्या आवाजात सुटका होती आणि थोडं रडूही, “बघ, किती शांत. उगाच घाबरत होतीस.” त्यानं पिशवी आत ठेवली. कमलेशनं गाडी सुरू केली आणि आरशातून विचारलं, “दीदी, चलू या?”

“नाही,” हेमांगी म्हणाली.

“काय?”

“नाही नेणार मी त्यांना. पिशवी काढा.” ती ओरडत होती हे तिला समोरच्या दारात उभ्या बायांकडं बघून कळलं. “मी घरी बसेन. कुलूप लावेन, गळ्यात पत्ता बांधेन, त्यांच्या मागं मागं हिंडेन टँकरांत. तुमच्यानं होत नाही ना, तुम्ही नका करू. पण माझ्या हातानं नाही. आता नाही.” विनोदनं तिच्याकडं पाहिलं. मग त्यानं व्हॅनमधून पिशवी काढली, छातीशी धरली आणि घरात न जाता ओट्यावर बसला, थकलेला माणूस बसतो तसा.

हेमांगी व्हॅनच्या दाराशी गेली. आतून हलकं, मोकळं, काहीतरी फुटून वाहून गेल्यासारखं वाटत होतं. “तात्या, उतरा. नाय जायचं कुटं. घरात चला.” तिनं हात पुढं केला. तात्यांनी त्या हाताकडं पाहिलं. मग तिच्या तोंडाकडं. मग त्यांनी पुढच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

“नाय उतरायचा मी.”

“अहो तात्या, घर हे. आपलं घर.”

“मगाशी म्हणालीस ठेवायला नेते. मी बसलो. आता म्हणतेस उतर.” त्यांची बोटं दांडीवर पांढरी पडली होती. डोळ्यांत भीती होती, निखळ, स्वच्छ भीती, ती तिनं माणसाच्या डोळ्यांत इतक्या जवळून कधी पाहिली नव्हती. “मी उतरलो की गाडी जायची. मला ठाव हाय. इथं सोडून जाशील.”

“नाय हो! मी कशाला सोडीन?”

“तुला येतं ते,” तात्या म्हणाले. रागानं नाही, साधं, तिची एखादी कला सांगावी तसं. “मी बघितलंय.”

कमलेशनं इंजिन बंद केलं. समोरच्या बाया दारातून आत गेल्या. हेमांगीला रडू यावं असं फार वाटलं, पण आलं नाही. एवढ्या खोलवर ती कधी हादरली नव्हती, आणि हादरलेल्या माणसाला रडायला उसंत नसते. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हातात काहीही लपवलेलं नव्हतं आणि तोच हात म्हातारा धरत नव्हता. ती व्हॅनमध्ये चढली. त्यांच्या शेजारी बसली, मध्ये एका माणसाची जागा सोडून. “बरं, मग मीही इथंच बसते,” ती म्हणाली. “जेवायची वेळ झाली तर इथंच जेवू.” कमलेश उतरून ओट्यावर विनोदशेजारी जाऊन बसला. ऊन काचेवर आलं. रस्त्यानं एक टँकर गेला, मग दुसरा. तात्या तिच्याकडं बघत नव्हते, पण प्रत्येक वेळी ती जरा हलली की त्यांचे हात दांडीवर आवळत होते. अकरा वाजले असतील. विनोदनं आतून पाण्याचा तांब्या आणून मधल्या जागेवर ठेवला आणि परत गेला. तात्यांनी तो बघितला. आधी तिला प्यायला लावलं, मग स्वतः प्यायले. मग पुष्कळ वेळानं, बाहेर घराच्या दाराकडं बघत ते म्हणाले,

“हे कुणाचं घर?”

“आपलं.”

“कशावरून?”

“माझ्या सांगण्यावरून नका उतरू,” ती म्हणाली. “तुमाला वाटलं तरच उतरा.”

तात्यांनी विचार केला. त्यांचा उजवा हात दांडीवरून सुटला, डावा तसाच राहिला.

“तू आधी उतर,” ते म्हणाले. “दारात जाऊन उभी राहा. मी बघतो.”

हेमांगी उतरली, दारात जाऊन उभी राहिली. म्हातारा गाडीतून तिच्याकडं बघत होता.